समाजसेवा करणाऱ्याने पगार घ्यावा का? जाणून घ्या नियम काय सांगतो

शिराळा : गावात एखादी संस्था कामाला लागली की पारावर एक प्रश्न हमखास निघतो, ‘समाजसेवा म्हणायची आणि वर पगारही घ्यायचा?’ २०१९ आणि २०२१ च्या महापुरात वारणाकाठाने संस्थांची मदत जवळून पाहिली. अशा कामात गाडी चालवणारा, याद्या करणारा, हिशेब ठेवणारा यातले काही जण पगारी असतात. मग वर्गणी देणाऱ्याने हे कसे बघायचे?

वाद जुनाच आहे

पुण्यात १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे आजीव सभासद थोड्या वेतनावर शिकवत. सभासदांनी बाहेरची कमाई करू नये, असा लोकमान्य टिळकांचा आग्रह होता. या आणि इतर मतभेदांतून १८९० मध्ये ते बाहेर पडले. म्हणजे भांडण वेतन घेण्यावरून नव्हते. ते किती असावे आणि त्याला बाहेरची जोड असावी का, यावरून होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पण शाळा वाढल्या तसे शिक्षकांना पगार द्यावेच लागले. त्यागावर संस्था उभी राहते, पण रोज राबणाऱ्याच्या घरची चूलही पेटली पाहिजे. बिनपगारीच काम करा म्हटले तर ते घरचे बरे असलेल्यालाच जमणार. अल्पभूधारकाचा पोरगा त्यात येणार कसा?

नियम काय आहेत?

* संस्था पगारी माणसे ठेवू शकते. विश्वस्ताला मात्र नुसता विश्वस्त म्हणून मोबदला घ्यायचा असेल, तर संस्थेच्या घटनेत तशी तरतूद लागते.
* विश्वस्त किंवा त्यांच्या नातेवाइकांना कामाच्या मानाने जादा पगार दिला, तर संस्थेची आयकर सवलत धोक्यात येते.
* परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० मध्ये ५० वरून २० टक्क्यांवर आणली. दवाखान्यातले डॉक्टर, शाळेतले शिक्षक यांचे पगार त्यात धरत नाहीत.
* कंपन्यांना आपल्या सीएसआर खर्चात प्रशासनावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त दाखवता येत नाही.

वर्गणीदाराने काय विचारावे?

‘पगार घेता का?’ एवढ्यावर थांबू नये. पगार कोणी ठरवला, घेणारा अध्यक्षांचा कोण लागतो, तो रोज काय काम करतो आणि आकडा ताळेबंदात आहे का, हे विचारावे. नोंदणीकृत न्यासाला हिशेब ठेवावाच लागतो आणि तो धर्मादाय कार्यालयाच्या देखरेखीखाली असतो.

‘आम्ही एक रुपयाही घेत नाही’ म्हणणाऱ्यालाही हेच प्रश्न विचारावेत. पगार शून्य, पण गाडी, डिझेल, जेवणावळी संस्थेच्या नावावर असतील तर तोही खर्चच. उघड घेतलेला पगार मोजता येतो. आडून घेतलेले मोजता येत नाही. पावती घेतानाच मागच्या वर्षीचा हिशेब मागितला, तर प्रामाणिक संस्थेला त्याचे वाईट वाटायचे कारण नाही.