किल्लीच्या आगगाड्यांचा बाजार

लहानपणीं हातची सुटलेली किल्लीची आगगाडी पुन्हां घ्यावीशी वाटली, तर दिवाळीच्या तोंडावर बाजारांत जाऊं नये. तेव्हां खेळण्यांचा भाव चढलेला असतो. गिरगांव-लालबागच्या चाळींतील माळे त्याच सुमारास झाडले जातात. तेथील अडगळ भंगारवाल्याच्या हातून फिरत फिरत चोरबाजारांत मटण स्ट्रीटवर पोंचते. दिवाळी सरल्यावर जावें. (आधीं आपला माळा पाहावा, हें सांगणें नलगे.)

फ्रँक हॉर्न्बी यांच्या लिव्हरपूलच्या कारखान्यानें १९२० सालीं ३२ मिलिमीटर रुळांवरच्या गाड्या काढल्या. १९३८ सालीं १६.५ मिलिमीटरची 'डब्लो' आली. त्यांस आजही मागणी आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या कांहीं गाड्यांचीं चाकें जस्ताच्या मिश्रधातूचीं असत. त्यांत शिशाचा अंश राहिला असल्यास धातु फुगतो, तडकतो आणि अखेर त्याचा भुगा होतो. पत्र्याचा गंज घासून निघेल. ह्या रोगास उपाय नाहीं. म्हणून चाकांवरील केसाएवढ्या भेगा उजेडांत पाहाव्या. ताज्या रंगास भुलूं नये. खरवडलेल्या मूळ रंगासच मोल अधिक. किल्ली हरवलेली असली तर बिघडत नाहीं, दुसरी बसवितां येते. मात्र किल्ली असूनही विक्रेता ती फिरवूं देत नसेल, तर स्प्रिंग तुटली आहे असें समजूनच भाव करावा.