दार उघडलं, पुढे काय? ('रूम' चित्रपटाच्या निमित्ताने)

आज रायपूरहून तुमच्याशी एका चित्रपटाबद्दल बोलतोय. २०१५ सालचा 'रूम'. दिग्दर्शक लेनी अब्राहमसन. कादंबरी आणि पटकथा एमा डोनह्यू यांची. आईच्या भूमिकेसाठी ब्री लार्सनला ऑस्कर मिळालं. मी शेवटापर्यंतची गोष्ट सांगणार आहे, तेव्हा आधी बघायचा असेल तर जरूर बघून या.

सतरा वर्षांच्या जॉयला एक माणूस फसवून नेतो आणि घरामागच्या शेडमध्ये सात वर्षं कोंडून ठेवतो. तिथेच तिला मुलगा होतो, जॅक. तो आता पाच वर्षांचा झालाय. चार भिंती आणि छतातली एक खिडकी, एवढंच त्याचं जग. शेवटी आई त्याला मेल्याचं सोंग घ्यायला शिकवते, गालिच्यात गुंडाळते, आणि तो गाडीतून उडी मारून मदत मिळवतो.

एरवी इथे 'समाप्त' झळकलं असतं. पण इथे जवळजवळ निम्मा चित्रपट बाकी आहे, आणि खरा विषय तोच आहे. आम्हा फौजी माणसांना हे लवकर पटतं. जखमी जवानाला गोळीबारातून बाहेर काढलं की काम संपत नाही. पुण्याजवळ खडकीला कण्याला इजा झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथे हिशेब दिवसांचा नसतो, वर्षांचा असतो. मनाच्या जखमेलाही तेवढाच वेळ द्यायला हवा.

जॉय घरी येते. तिचे वडील जॅककडे बघूही शकत नाहीत. टीव्हीवरची मुलाखतकार विचारते, मूल जन्मल्यावर त्याला बाहेर कुठे सोडून द्यायला त्या माणसाला का सांगितलं नाहीस? सात वर्षं न मोडलेली बाई त्या प्रश्नाने मोडते, जीव द्यायला जाते. असं का होतं? कैदेत तिच्यापुढे एकच काम होतं, पोराला जगवायचं. त्या कामापुढे स्वतःच्या दुःखाला जागा नव्हती. पहारा उठला आणि ते सगळं एकदम अंगावर आलं. गोळीबार थांबल्यावर हात थरथरू लागतात, तसंच हे.

जॅक मात्र हळूहळू रुळतो. कारण त्या कोंडवाड्यातही आईने त्याला वेळेवर जेवण, व्यायाम, आंघोळ, गोष्टी असा दिनक्रम दिला होता. भीती तिने स्वतःपाशी ठेवली.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे सहा वर्षांपर्यंतचं मूल कैदी आईबरोबर तुरुंगात राहू शकतं. आई तिथे कायद्याने असते, पण मुलाला भिंत तीच. १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या मुलांबद्दल निकाल दिला. त्यात नोंद आहे की अशी मुलं रस्त्यावरचं जनावर पाहून घाबरतात, घर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसतं, आणि फक्त बायकांत वाढल्याने काही मुलगे मुलींसारखं 'मी जाते' असं बोलतात. न्यायालयाने पाळणाघर, बालवाडी, आहार यांचे नियम घालून दिले. जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहू नये असंही सांगितलं.

आमच्या छत्तीसगडचंच उदाहरण घ्या. २०१९ साली बिलासपूरचे जिल्हाधिकारी संजय अलंग तुरुंगाच्या पाहणीला गेले. आत वडिलांजवळ राहणारी एक सहा वर्षांची मुलगी त्यांना भेटली. तिला बाहेरच्या शाळेत शिकायचं होतं. त्यांनी तिला वसतिगृहाच्या शाळेत प्रवेश मिळवून दिला. तुरुंगाचं दार ओलांडल्यावर मूल कुठे जाणार, हा विचार इथे आधीच झाला होता.

तेव्हा तुमच्या नात्यात, शेजारात कुणी अशा छळातून सुटून आलं, तर तीन गोष्टी सांभाळा. 'पळून का नाही आलीस?' असं विचारू नका. तिची कहाणी पाहुण्यांपुढे मांडू नका. बोलायचं केव्हा, हे तिला ठरवू द्या. आणि आईला सावरण्याचं ओझं लेकरावर टाकू नका, जाणत्याची मदत घ्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

चित्रपटाच्या शेवटी जॅक हट्टाने ती खोली पुन्हा बघायला जातो. दार उघडं असल्यामुळे त्याला ती खोली वाटतच नाही. एकेका वस्तूचा निरोप घेऊन तो निघतो आणि आईलाही निरोप घ्यायला लावतो. सात वर्षांपूर्वी बंद झालेलं दार जॉयसाठी खऱ्या अर्थाने त्या दिवशी उघडतं.

जय हिंद.