तीन इंची पाइप

शिंगरू तीन दिवसांचं. उजवा पुढचा पाय टेकवायचं, पण खुरावर नाही. खुराच्या वरचा सांधा पुढे दुमडून त्याच्यावरच भार द्यायचं. गोठ्याच्या कोब्यावर घासून तिथलं कातडं सोललं होतं आणि त्यावर माशा बसत होत्या.

जागा सोलापूरच्या बाहेर, अक्कलकोट रस्त्याकडची. घोडी अकलूजच्या घोडेबाजारातून आणलेली. शहरातले टांगे कधीच गेले. आता घोडा राखायचा तो वरातीसाठी, नाहीतर निव्वळ हौसेसाठी. घोडीच्या मालकांचं, मामांचं, दोन्ही होतं. जनावरांचे डॉक्टर यायच्या आधी त्यांनी आपल्या परीनं बांबूच्या कामट्या लावून सुतळी आवळली होती. सुतळी सोडली तर पायाभोवती तिचे वळ उमटलेले आणि खालची बाजू सुजलेली.

"वासराला असंच बांधतो की आम्ही," मामा म्हणाले.

"वासरू एकदा बसलं की तासभर हलत नाही, मामा. हे तासात चार-पाच वेळा आचळाला जातंय. शिवाय इथं मांस कुठंय?"

खरंच नव्हतं. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतंच. हाड, शिरांसारखे ताठ स्नायुबंध आणि वर कातडं. ज्याला आपण त्याचा पुढचा गुडघा म्हणतो ते खरं त्याचं मनगट, आणि सगळा घोडा एकेका बोटाच्या नखावर उभा. आवळलेली दोरी इथं थेट हाडाला आणि रक्तवाहिनीला भिडते. डॉक्टरांनी मला पायाच्या मागच्या बाजूनं अंगठा फिरवायला सांगितला. मागावरच्या ताण्यासारखी ताठ दोरी हाताला लागली. हाड मोडलेलं नव्हतं. पोटात असतानाच आखडलेला हा बंध सांध्याला सरळ होऊ देत नव्हता.

शिंगराला जुन्या सोलापुरी चादरीवर आडवं केलं. घोडीला मुद्दाम बाहेर नेलं नाही. मामांच्या पोरानं तिला अशी धरली की पिल्लू तिच्या डोळ्यांपुढे राहील. तरी ती फुरफुरत होतीच. सोललेली जागा सलाइननं धुतली, मलम लावून जाळीदार पट्टी ठेवली. मग कापसाची गुंडाळी खुरापासून वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवत. कापूस गुडघ्याखाली जिथं संपायचा तिथं आणखी दोन वेढे. कारण आधाराचं टोक टोचतं ते तिथंच.

आधार म्हणजे न्हाणीघराच्या कामातून उरलेला तीन इंची पीव्हीसी पाइप. हेक्सॉनं उभा चिरून अर्धा केलेला, पन्हाळीसारखा. कडा गॅसवर धरून मऊ केल्या, किंचित बाहेर वळवल्या आणि चिकटपट्टीनं झाकल्या. या कडांवर डॉक्टरांनी जेवढा वेळ घालवला तेवढा बांधण्यात नाही घालवला. पन्हाळ पायाच्या मागून, गुडघ्याखालून थेट जमिनीपर्यंत. एकानं सांधा हातानं हळूहळू सरळ धरायचा, दुसऱ्यानं क्रेप बँडेज फिरवायचं. सगळा बाक एका दिवसात काढायचा हट्ट नाही. आज जेवढा सरळ होतो तेवढाच.

हाड मोडलं असतं तर प्रकरण वेगळं. कापसाचे थरावर थर चढवून पाय मांडीएवढा करतात आणि टिचकी मारून बघतात; पिकल्या कलिंगडासारखा आवाज आला की बांधणी जमली. रॉबर्ट जोन्स या अस्थितज्ज्ञाच्या नावानं ही बांधणी ओळखली जाते. ज्या नातलगाकडे तो हे शास्त्र शिकला, त्याचं घराणं पिढीजात हाडं बसवणाऱ्यांचं. आपल्याकडच्या हाडवैद्यांना नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही, अर्थात सुतळी वगळून.

शिरेतून सलाइनमध्ये ऑक्सिटेट्रासायक्लिनही सोडलं, अगदी सावकाश. हे जंतूंवरचंच औषध, पण कोवळ्या शिंगरात ते आखडलेले बंध सैल पाडतं. मूत्रपिंडाला जड जातं म्हणून आधी शिंगरू पुरेसं दूध पितंय ना, लघवी करतंय ना, याची चौकशी झाली होती.

उठवल्यावर ते गोंधळलं. लाकडी पाय लावल्यासारखं उजवं अंग फेकत निघालं, पडलं, पोरानं बूड उचलून धरलं, पुन्हा निघालं. आईच्या पोटाखाली पोचलं तेव्हा खुराचा तळ जमिनीला लागलेला होता.

एप्रिलचा सोलापूर. पत्र्याखाली कापसाच्या आत घाम साचतो, मऊ पडलेलं कातडं लवकर सोलतं. म्हणून पट्टी संध्याकाळी बांधायची, सकाळी सोडायची, दिवसभर पाय मोकळा. मामांना हे पटेना. "चोवीस तास ठेवलं तर लवकर सरळ व्हईल की."

"आणि बंध ढिला पडला तर सांधा मागं जमिनीला टेकेल. मग ते कोण सरळ करणार?"

पाचव्या सकाळी मी गेलो तेव्हा पट्टी सोडलेली होती. शिंगरू चालताना चार पावलं नीट टाकी, पाचव्याला सांधा पुढे लचके, पुन्हा सावरे. डॉक्टरांनी आणखी तीन रात्री बांधायला सांगितलं. मामांनी मान हलवली आणि विचारलं, पाइपचा दुसरा अर्धा न्हाणीच्या पन्हाळीला लावला तर चालेल का.