बाजार चालू ठेवून दुरुस्ती : बंगळुरूच्या जुन्या छावणीतील व्यापारपेठांचे गणित

बंगळुरू : शंभरीकडे झुकलेल्या रसेल मार्केटपासून सैनिकी कँटीनपर्यंत, बंगळुरूच्या जुन्या छावणी भागातील प्रत्येक व्यापारपेठेपुढे कधी ना कधी एकच प्रश्न उभा राहतो. इमारत जुनी झाली, वायरिंग धोकादायक झाले, गटारे अपुरी पडू लागली, तर दुरुस्तीसाठी बाजार बंद करायचा की तो चालू ठेवून काम करायचे? वरवर हा प्रश्न अभियांत्रिकीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर कामाच्या क्रमावर आणि बुडालेल्या दिवसांचा तोटा कोण सोसतो यावर अवलंबून असते.

छावणीचा बाजार

श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर काही वर्षांनी, १८०९ मध्ये, ब्रिटिशांनी आपले सैन्य बंगळुरूला हलवले. जुन्या पेठेपासून काही अंतरावर उभ्या राहिलेल्या या वसाहतीला कन्नड भाषक ‘दंडू’, म्हणजे सैन्याची छावणी, म्हणू लागले. कॅन्टोन्मेंट रेल्वे स्थानकाची ओळख स्थानिकांच्या बोलण्यात आजही याच नावाने होते. सैन्यामागोमाग शिंपी, चर्मकार, खाटीक, भाजीविक्रेते आणि कापडाचे व्यापारी आले व त्यांच्या वस्त्यांतून आजचा शिवाजीनगर परिसर आणि कमर्शियल स्ट्रीट घडला. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याकडे परत आले, तरी हा भाग ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’ म्हणून ब्रिटिशांच्या प्रशासनाखालीच राहिला. १९४७ मध्ये तो म्हैसूरकडे सोपवण्यात आला आणि १९४९ मध्ये जुने शहर व छावणी मिळून एक महापालिका अस्तित्वात आली.

या इतिहासाचा परिणाम आजच्या कारभारावर झाला आहे. पुण्यातील शिवाजी मार्केट कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या अखत्यारीत आहे. बंगळुरूच्या छावणीतील बाजार मात्र नागरी व्यवस्थेत आले. लष्कराच्या ताब्यातील आवारांमध्ये सैनिकांसाठीची कँटीन स्वतंत्रपणे चालतात. एकाच परिसरात दुरुस्तीच्या दोन वेगळ्या पद्धती दिसतात, त्या यामुळेच.

रसेल मार्केटचा धडा

रसेल मार्केटची इमारत १९२७ मधील. तत्कालीन पालिका आयुक्त टी. बी. रसेल यांचे नाव तिला देण्यात आले आणि १९३३ मध्ये व्यापारी हाजी सर इस्माईल सेठ यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. कमानी व मनोरे असलेल्या इंडो-सारासेनिक शैलीतील या इमारतीत भाजी, फळे, फुले, मांस व मासळी एकाच छपराखाली विकली जाते.

२५ फेब्रुवारी २०१२ रोजी लागलेल्या आगीत येथील शंभराहून अधिक गाळे जळाले. दुरुस्ती पुढे ढकलण्याची किंमत काय असते, हे या घटनेने दाखवून दिले. मार्च २०२१ मध्ये पुणे कॅम्पातील शिवाजी मार्केटला आणि त्याच महिन्यात फॅशन स्ट्रीटला आग लागली, तेव्हाही दाटीवाटीचे गाळे आणि अरुंद वाटा हा मुद्दा पुढे आला. शिवाजी मार्केट १८८६ मधील, म्हणजे रसेल मार्केटहूनही जुने.

आगीनंतरची दुरुस्ती नाइलाजाने करावी लागते आणि त्या वेळी व्यापाऱ्याचा माल, उधारी व गिऱ्हाईक एकदमच संकटात सापडते. नियोजनपूर्वक दुरुस्तीत हे तिन्ही वाचवण्याची संधी असते. मात्र त्यासाठी पहिली गरज असते ती रिकाम्या जागेची.

रिकामी जागा ही पहिली अट

चालू बाजाराची दुरुस्ती आळीपाळीने करावी लागते. इमारतीचे तीन-चार भाग पाडले जातात. पहिल्या भागातील गाळेधारक तात्पुरत्या शेडमध्ये जातात, तो भाग पूर्ण झाल्यावर परत येतात आणि त्यांनी सोडलेल्या शेडमध्ये दुसऱ्या भागातील व्यापारी येतात. बाजाराच्या आत किंवा लगत एवढी मोकळी जागा नसेल, तर ही साखळी सुरूच होत नाही. मुंबईतील १८६९ च्या क्रॉफर्ड मार्केटचे, म्हणजेच महात्मा ज्योतिबा फुले मंडईचे, काम टप्प्याटप्प्याने करावे लागले, त्यामागेही हेच कारण होते.

सर्व व्यापारी सारखेपणाने हलवता येत नाहीत. फुलवाल्याला छप्पर आणि पाणी पुरते. कापडवाल्याला कोरडी, कुलूपबंद जागा लागते. मासळी व मांस विक्रेत्यांना वाहते पाणी, गटाराची जोडणी, बर्फाची सोय आणि कचरा रोज उचलण्याची व्यवस्था हवी असते. त्यामुळे त्यांची तात्पुरती जागा सर्वात खर्चिक ठरते आणि अनेक आराखड्यांत तीच शेवटी आठवते. योग्य क्रम याच्या उलट आहे. आधी जलवाहिनी, मलनिस्सारण आणि वीज यांची नवी व्यवस्था उभी करायची, ती सुरू झाल्याची खात्री करायची आणि मगच जुनी तोडायची.

‘काम रात्री करा’ हा सल्लाही मंडईत मर्यादितच लागू पडतो. किरकोळ विक्री रात्री थांबते, पण भाजी-फुलांच्या गाड्या पहाटेपूर्वी येऊ लागतात. हमालांच्या वाटा तोपर्यंत मोकळ्या हव्यात. कंत्राटदाराला हाती मिळतात ते जेमतेम चार-पाच तास. त्यातच सामान आणणे, पत्रे लावून भाग बंदिस्त करणे, काम करणे आणि धूळ झाडून वाट मोकळी करणे हे सारे बसवावे लागते. वेल्डिंगसारखी ठिणग्या उडवणारी कामे गोणपाट, पेंढा व खोक्यांच्या सान्निध्यात करायची असल्याने अग्निशमनाची साधने आणि देखरेख करणारा माणूस काम संपल्यानंतरही काही काळ जागेवर ठेवावा लागतो.

दिनदर्शिकाही पाहावी लागते. शिवाजीनगरमध्ये रमजानच्या महिन्यात संध्याकाळनंतर खरेदीदारांची गर्दी उसळते. जवळच्या सेंट मेरी बॅसिलिकाचा उत्सव ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन ८ सप्टेंबरला संपतो. या काळात खोदकाम काढणे म्हणजे व्यापाऱ्याच्या वर्षभराच्या कमाईतील मोठा वाटा हिरावून घेणे.

रस्त्यांवरचे दोन अनुभव

इमारतीऐवजी संपूर्ण रस्ताच दुरुस्तीला घेतल्यास काय होते, याची दोन उदाहरणे याच परिसरात आहेत. महात्मा गांधी रस्त्याला समांतर असलेला चर्च स्ट्रीट २०१७ मध्ये कामासाठी खोदण्यात आला आणि मार्च २०१८ मध्ये नव्या रूपात खुला झाला. सेवावाहिन्या जमिनीखाली एकत्र नेणे, रुंद पदपथ बांधणे आणि दगडी फरसबंदी करणे असे या कामाचे स्वरूप होते. वर्षभर वाहने बंद राहिल्याने दुकानदारांनी नुकसानीच्या तक्रारी केल्या; मात्र काम झाल्यावर पादचाऱ्यांची वर्दळ वाढली.

कमर्शियल स्ट्रीटची परिस्थिती अधिक बिकट होती. पूर्वी कॅव्हलरी रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कामराज रस्त्याचा एक भाग २०१९ पासून मेट्रोच्या कामासाठी बंद होता. पाठोपाठ महासाथ आली आणि २०२० मध्ये स्मार्ट सिटी योजनेतील रस्त्याचे काम सुरू झाले. टाळेबंदीत गर्दी नसल्याने खोदकामाला ती वेळ सोयीची वाटली तरी, निर्बंध शिथिल होऊन गिऱ्हाईक परतू लागले तेव्हा रस्ता अद्याप उखडलेला होता. काम झाल्यानंतरही त्याच्या दर्जाविषयी तक्रारी झाल्या. शेजारच्या दोन यंत्रणांची कामे एकमेकांच्या वेळापत्रकाशी जोडली नाहीत, तर बाजार कागदावर ‘चालू’ राहतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट बंद होते.

कँटीनचे काम तुलनेने सोपे का?

लष्करी आवारातील कँटीनची स्थिती वेगळी आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेला आणि मुंबईत मुख्यालय असलेला कँटीन स्टोअर्स विभाग माल पुरवतो. प्रत्यक्ष विक्री युनिटमार्फत चालवल्या जाणाऱ्या कँटीनमधून होते. येथे दुरुस्ती करताना किराणा, गृहोपयोगी वस्तू आणि मद्य यांचे विभाग आळीपाळीने हलवता येतात. साठ्याची नोंद काटेकोर असते आणि ग्राहक कार्डधारक असल्याने बदललेले वेळापत्रक त्यांना आधी कळवता येते. शिवाय हे कार्ड दुसऱ्या कँटीनमध्येही चालते. अडचण होते ती दूरच्या गावातून महिन्यातून एकदा येणाऱ्या वृद्ध निवृत्त सैनिकांची आणि वीरपत्नींची. त्यांच्यासाठी उतरंड, बसण्याची जागा आणि स्वतंत्र खिडकी कामाच्या काळातही कायम ठेवणे आवश्यक ठरते.

मुख्य फरक आर्थिक आहे. कँटीनमधील कर्मचाऱ्याला विक्री कमी झाली म्हणून त्या दिवसाचा पगार गमवावा लागत नाही. मंडईतील गाळेधारकाचे उत्पन्न मात्र त्याच दिवशी थांबते आणि नेहमीचे गिऱ्हाईक दुसरीकडे वळले, तर ते परत येईलच असे नसते. म्हणूनच ‘सहा महिन्यांत काम पूर्ण’ या आश्वासनापेक्षा आपल्या गाळ्याचा क्रमांक, क्षेत्रफळ आणि परतीची तारीख लेखी मिळावी, हा त्याचा आग्रह असतो.

कायद्याची मर्यादित ढाल

बाजाराबाहेर बसणाऱ्यांसाठी पथविक्रेता कायदा, २०१४ हा आधार आहे. विक्री प्रमाणपत्र असलेल्या पथविक्रेत्याला नेमून दिलेल्या जागेवरून हलवण्यापूर्वी तीस दिवसांची नोटीस देणे या कायद्याने बंधनकारक आहे. बाजाराच्या आतील गाळेधारकांचा हक्क मात्र त्यांच्या परवान्याच्या किंवा भाडेकराराच्या अटींवर ठरतो. गाळेधारकाच्या गाळ्यात काम करणारा मदतनीस, हमाल, बर्फवाला यांची नोंद बहुधा कोणत्याच यादीत नसते. तात्पुरत्या शेडची आखणी होते तेव्हा त्यांची मोजणी होत नाही आणि रोजगार सर्वात आधी त्यांचाच जातो.

त्यामुळे चालू बाजाराच्या दुरुस्तीची निविदा काढताना काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात. तात्पुरत्या जागेचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरणे, काम रखडल्यास त्या काळाचे गाळाभाडे माफ करणे, एका भागातील व्यापारी परत आल्याशिवाय पुढचा भाग हाती न घेणे आणि परिसरातील इतर यंत्रणांच्या खोदकामाशी वेळापत्रक जुळवणे, या त्यातील प्रमुख बाबी. यांतील एकही तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही. त्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा सुरुवातीलाच मान्य करावा लागतो, आणि तो मान्य झाला नाही, तर तेवढाच वेळ व पैसा पुढे गाळेधारकाच्या गल्ल्यातून वसूल होतो.