विधिमंडळांतील शिक्षक : नामदार गोपाळ कृष्ण गोखले

जून महिना उजाडला म्हणजे पुण्याच्या बुधवार पेठेंत अप्पा बळवंत चौकाभोंवतीं आईबापांची आणि मुलांची दाटी होते. कोणाच्या हातीं पुस्तकांची यादी असते, कोणाच्या काखेंत कोऱ्या वह्यांचा गठ्ठा असतो. मुलानें शाळेंत जावें कीं नाहीं, हा प्रश्न त्या गर्दींत कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु मुलाला शाळेंत पाठविणें आईबापांवर कायद्यानें बंधनकारक करावें, असें सुचविणारें एका पुणेकराचें विधेयक १९१२ सालच्या मार्च महिन्यांत कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळानें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळून लाविलें. ते पुणेकर म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक या गांवीं झाला. वडील कागलास नोकरीस होते. ते लवकर वारले आणि थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. त्यांतून दरमहा आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणास जात. एका मुलाच्या विद्येसाठीं दुसऱ्याला आपली विद्या सोडावी लागते, हा धडा गोखल्यांनीं घरांतच पाहिला होता. १८८४ सालीं, अठराव्या वर्षीं, ते बी. ए. झाले आणि पुढच्याच वर्षीं न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढें फर्ग्युसन कॉलेजांत इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय त्यांनीं १९०२ पर्यंत शिकविले. त्यांनीं लिहिलेलें अंकगणिताचें पुस्तकही पुष्कळ वर्षें शाळांतून चाललें. न्यायमूर्ति रानडे यांच्या देखरेखीखालीं सरकारी अहवालांतील आंकडे तपासण्याची जी संवय त्यांना लागली, तीच पुढें त्यांचें मुख्य हत्यार ठरली.

१८९९ सालीं ते मुंबई प्रांताच्या कायदेकौन्सिलांत निवडून आले. १९०१ सालीं जमीन महसुलाच्या कायद्यांत दुरुस्ती करणारें विधेयक पुढें आलें. शेतकऱ्याचा जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क त्यानें आकुंचित होणार होता. लोकमत अजमावून मगच कायदा करावा, ही विनंति सरकारनें मान्य केली नाहीं, तेव्हां सर फिरोजशहा मेहता सभागृह सोडून बाहेर पडले आणि गोखलेही त्यांच्याबरोबर गेले. त्यानंतर मेहतांच्याच जागीं ते वरिष्ठ कायदेमंडळांत गेले.

त्या मंडळांत सभासदाच्या हातीं कितीसें बळ होतें? १८९२ च्या कायद्यानें त्याला अंदाजपत्रकावर बोलतां येई, पण त्यावर मत देतां येत नसे. प्रश्न विचारतां येई, पण उत्तरावर उपप्रश्न करतां येत नसे. ठराव मांडण्याची सोयच नव्हती, आणि बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचें. अशा ठिकाणीं जिंकण्याची आशा नव्हती. प्रतिपक्षास उत्तर देणें भाग पाडावें, एवढेंच शक्य होतें.

२६ मार्च १९०२ रोजींच्या आपल्या पहिल्या अंदाजपत्रकी भाषणांत गोखल्यांनीं तेंच केलें. खजिन्यांत शिल्लक पडते, यावरून देश भरभराटीस आला आहे असें सरकार म्हणत होतें. गोखल्यांचें उत्तर असें कीं, १८९३ सालीं टांकसाळी खुल्या नाण्यांस बंद करून रुपयाचा भाव कृत्रिम रीतीनें चढविला गेला. त्यामुळें विलायतेस पाठवावयाच्या पौंडांसाठीं सरकारला कमी रुपये पुरतात. कर देणाऱ्या रयतेला मात्र पूर्वीइतकेच रुपये भरावे लागतात, आणि तो प्रत्येक रुपया आतां अधिक महाग झालेला असतो. म्हणजे दुष्काळानें गांजलेल्या लोकांकडून गरजेपेक्षां अधिक घेतलें जातें, एवढाच त्या शिलकेचा अर्थ. मिठावरील कर हें त्याचें ठळक उदाहरण होतें. मीठ गरिबालाही श्रीमंताइतकेंच लागतें; म्हणून या कराचा भार गरिबाच्या मिळकतीवर कितीतरी पटींनीं जास्त पडतो. दर मणास अडीच रुपये असलेला हा कर १९०३ सालीं दोन रुपये, १९०५ सालीं दीड रुपया आणि १९०७ सालीं एक रुपया झाला. याचें सारें श्रेय एका सभासदाला देणें योग्य होणार नाहीं. परंतु वर्षानुवर्षें ती मागणी आंकड्यांनिशीं मांडणारांत गोखले अग्रभागीं होते.

त्यांच्या मार्गावर टीका करणारेही पुष्कळ होते, आणि ते पुण्यांतच होते. अर्जविनंत्यांनीं व भाषणांनीं राज्यकर्ते हलत नाहींत, असें लोकमान्य टिळकांच्या पक्षाचें म्हणणें होतें. १९०७ सालीं सुरतेच्या काँग्रेसमध्यें हे दोन पक्ष उघड फुटले. १९०९ च्या सुधारणांनीं सभासदांस ठराव मांडण्याचा हक्क मिळाला, तेव्हां आपल्या मार्गानें कोठवर जातां येतें हें दाखविण्याची संधि गोखल्यांना लाभली. २५ फेब्रुवारी १९१० रोजीं त्यांनीं नाताळ वसाहतीसाठीं करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारनें तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली. सर्वच वसाहतींसाठीं ही पद्धति बंद व्हावी, असा त्यांचा १९१२ चा ठराव मात्र नापास झाला.

१६ मार्च १९११ रोजीं त्यांनीं प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें. त्याची रचना अत्यंत सावध होती. सक्ति सर्व देशावर एकदम लादावयाची नव्हती. ज्या भागांत ठराविक प्रमाणांत मुलें आधींच शाळेंत जात असतील, तेथील नगरपालिकेनें किंवा लोकल बोर्डानें, सरकारची मंजुरी घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती ती लागू करावी. मुलींना ती पुढें लागू करतां यावी. महिना दहा रुपयांहून कमी प्राप्ति असलेल्या आईबापांकडून फी घेऊं नये. बडोदें संस्थानांत सयाजीराव महाराजांनीं १९०६ पासून सक्तीचें शिक्षण राज्यभर सुरू केलें होतें. म्हणून ही गोष्ट हिंदुस्थानांत अशक्य आहे, असें म्हणण्यास जागा नव्हती.

तरीही प्रांतिक सरकारांचे अभिप्राय बहुतांशीं प्रतिकूल आले. पैसा नाहीं, शिक्षक नाहींत, लोकांची मागणी नाहीं, सक्तीनें असंतोष वाढेल, असे आक्षेप निघाले. विधेयक निवड समितीकडे पाठविण्याची सूचनाही मंडळानें नाकारली. हा निकाल गोखल्यांना आधींच दिसत होता, आणि आपल्या भाषणांत त्यांनीं तें बोलूनही दाखविलें. आपल्या पिढीनें अपयश सोसूनच देशाची सेवा करावी, यश पुढच्यांनीं घ्यावें, अशी त्यांची भूमिका होती. मधुमेहानें खंगलेल्या या गृहस्थाचें १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं पुण्यांत देहावसान झालें. वय अवघें अठ्ठेचाळीस.

फेटाळलेलें विधेयक मात्र विस्मरणांत गेलें नाहीं. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापूर संस्थानांत सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलें. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई प्रांतांतील नगरपालिकांना तसा अधिकार देणारा कायदा झाला. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शिक्षणासाठीं दहा वर्षांची मुदत घातली; ती टळून गेली. २००२ च्या घटनादुरुस्तीनें शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठींचा कायदा १ एप्रिल २०१० रोजीं लागू झाला. कलकत्त्याच्या त्या मतदानास तेव्हां अठ्ठ्याण्णव वर्षें झालीं होतीं. गोविंदरावांनीं सोडलेल्या शाळेचा हिशेब एवढ्या उशिरां कायद्याच्या वहींत चढला. तो पुरता फिटला कीं नाहीं, हें अप्पा बळवंत चौकांतील गर्दीवरून कळणार नाहीं. त्या गर्दींत जीं मुलें दिसत नाहींत, त्यांच्यावरून तें ठरेल.