तापलेल्या संगणकाची चिकित्सा

कल्याण ओलांडून गाडी कसाऱ्याच्या बाजूला वळली, की शहाड, आंबिवली, टिटवाळा असा जो पट्टा लागतो, तेथे चैत्र-वैशाखातली दुपार चाळीस अंशांच्या आसपास जाते. समुद्रावरचा वारा येथवर पोहोचेपर्यंत त्याचा गारवा वाटेतच संपलेला असतो. दमटपणा तेवढा शिल्लक राहतो. नेमक्या याच दिवसांत घरोघरचे आणि दुकानांतले संगणक आजारी पडू लागतात. यंत्र चालू होते, दहा-पंधरा मिनिटे बरे चालते, मग आतला पंखा घोंघावू लागतो, अक्षरे पडद्यावर उशिरा उमटतात, आणि मुलाच्या प्रवेशाचा अर्ज निम्मा भरून झालेला असताना पडदा काळा होतो. दुरुस्ती करणारा येतो, मान हलवतो आणि ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून काटकसरीने आणलेले, एखाद्या कचेरीत वापरून झालेले ते यंत्र भंगारात जाते आणि घरावर नव्या यंत्राचा हप्ता बसतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की असे यंत्र पुष्कळदा मेलेले नसते. ते गुदमरलेले असते. ते कोठे गुदमरले आहे हे शोधून काढण्याची रीत आहे, आणि ती समजण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही.

प्रथम ही उष्णता येते कोठून ते पाहू. प्रोसेसर म्हणजे सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर कोरलेले अब्जावधी सूक्ष्म स्विच. प्रत्येक स्विच उघडताना आणि मिटताना विजेचा एक कण भरला जातो व रिता होतो, आणि ती वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. एका स्विचचे हे देणे नगण्य; पण ते सेकंदाला अब्जावधी वेळा आणि अब्जावधी ठिकाणी घडते. घरातल्या साध्या प्रोसेसरची उष्णता ६५ वॉट धरली, तर ऐकणारा म्हणेल, हा तर जुन्या पिवळ्या दिव्याएवढाच प्रकार. परंतु ही उष्णता दीड-दोन चौरस सेंटिमीटरांतून बाहेर पडते. आपली हजार वॉटची इस्त्री तिच्या तळाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे पाच-सहा वॉट देते. प्रोसेसर तीस-चाळीस देतो. इस्त्रीच्या कित्येक पट तापणारी ही वस्तू थंड ठेवावयाची आहे, हे एकदा ध्यानात आले, म्हणजे तिच्यावरच्या त्या धातूच्या पंख्यांचा आणि फॅनचा एवढा पसारा कशासाठी, हा प्रश्न उरत नाही.

हे दुखणे नवे नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली जे गणकयंत्र बांधले गेले आणि १९६० साली कामास लागले, ते ‘टिफ्रॅक’, त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्या नळ्यांना आतून तापवल्याखेरीज त्या कामच करीत नसत. म्हणजे तेव्हा उष्णता ही गरज होती आणि तिला बाहेर काढणे हे वेगळे संकट होते. आता उष्णतेची गरज नाही, संकट मात्र आहेच. इतके, की २००४ साली इंटेल कंपनीने चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम-चारचा बेत सोडून दिला, आणि तेव्हापासून कारखानदारांनी वेग वाढवण्याचा हव्यास कमी करून एकाच चिपमध्ये दोन, चार, आठ मेंदू बसवण्याचा मार्ग धरला. वेगाची घोडदौड अडली ती बुद्धीच्या अभावी नव्हे, तापामुळे.

आता ही उष्णता चिपमधून निघून खोलीबाहेर कशी जाते? हा एक प्रवास आहे आणि त्याला ठरलेली स्थानके आहेत. चिपमधून ती वरच्या धातूच्या झाकणात येते. तेथून थर्मल पेस्टच्या पातळ थरातून हीटसिंकमध्ये, म्हणजे त्या पात्या-पात्यांच्या धातूच्या ठोकळ्यात. पात्यांवरून फॅनच्या वाऱ्यात, वाऱ्यातून कॅबिनेटमध्ये, कॅबिनेटमधून खोलीत आणि खोलीतून बाहेर. कसाऱ्याच्या मार्गावर एका ठिकाणी गाडी अडली, की मागच्या साऱ्या गाड्या खोळंबतात, हे आपणांस निराळे सांगावयास नको. येथेही तसेच. वाट कोठेही अडो, गर्दी साचते ती चिपमध्येच. म्हणून ‘प्रोसेसर तापला’ हे रोगाचे नाव नव्हे, ते केवळ लक्षण आहे.

थोडा हिशेब करू. चांगल्या स्थितीतला साधा हीटसिंक दर वॉटमागे अर्धा अंश घेतो असे धरा. ६५ वॉटांना साडेबत्तीस अंश. खोली ३८ अंशांवर, कॅबिनेटमधली हवा तिच्याहून पाच अंश अधिक, म्हणजे ४३. बेरीज होते साधारण ७५. हे यंत्र निर्धोक आहे. आता पात्यांत धूळ भरली आणि तो अर्धा अंश ०.८५ झाला असे समजा. वाढ ५५ अंशांची, बेरीज ९८. बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान असते. ती जवळ आली की प्रोसेसर आपणहून वेग आणि दाब कमी करतो, आणि तरीही ताप उतरला नाही तर यंत्र बंद होते. मंदावणे आणि बंद पडणे म्हणजे बिघाड नव्हे. ते यंत्राचे आत्मरक्षण आहे. आता तीच धूळ, तेच यंत्र, पण खोली जानेवारीतल्या सकाळची, २४ अंशांची. बेरीज ८४. काहीच जाणवत नाही! म्हणजे रोग जानेवारीतच जडलेला असतो, उघडकीस येतो वैशाखात, आणि आपण उगाच उन्हाळ्याला बोल लावतो. दिवाळीच्या साफसफाईत कपाटाचे खण पुसले जातात. संगणकाचे पोट मात्र कोणी उघडीत नाही.

निदानाची पहिली पायरी म्हणजे थर्मामीटर लावणे. ‘एचडब्ल्यूइन्फो’ किंवा ‘कोअर टेम्प’ यांसारखे फुकट मिळणारे कार्यक्रम प्रोसेसरचे तापमान दाखवतात. यंत्र सुरू होताना बायोसमध्ये गेल्यास तेथेही ते दिसते, आणि फॅनचे मिनिटाला किती फेरे होतात तेही. आकडा किती आहे यापेक्षा तो किती वेगाने चढतो याकडे आमचे अधिक लक्ष असते. यंत्राला एखादे जड काम द्यावे आणि घड्याळ पाहावे. चार-पाच सेकंदांत आकडा पन्नासावरून नव्वदीला गेला, तर उष्णता पहिल्याच स्थानकावर अडली आहे: ठोकळा चिपवर नीट टेकलेला नाही किंवा मधली पेस्ट वाळून गेली आहे. आकडा दहा-पंधरा मिनिटे सावकाश चढत राहिला, तर धातूपर्यंत उष्णता नीट येते आहे. पुढे वारा कमी पडतो. मग कॅबिनेटची बाजूची पत्र्याची फळी काढून समोर टेबल-फॅन लावावा. दहा अंश उतरले तर दोष हवेच्या वाटेचा. एक-दोनच उतरले तर पुन्हा पेस्टकडे वळावे. एवढ्या दोन परीक्षांत निम्म्याहून अधिक निदान होते, आणि त्यांना एक पैसाही खर्च येत नाही. दुरुस्तीवाल्याने यांतले काही न करता मदरबोर्डाचे नाव घेतले, तर त्याला तापमान विचारावे.

आता धुळीविषयी, कारण आपल्या गावात खरी वैरीण तीच. आमच्याकडची धूळ कोरडी नसते. रस्त्यावरून उडालेल्या मातीला फोडणीचा तेलकट धूर, देवघरातल्या उदबत्तीची काजळी आणि पावसाळ्यातला ओलावा मिळाला, म्हणजे तिचा घोंगडीसारखा थर होतो. तो बसतो फॅनच्या खाली, पात्यांच्या माथ्यावर. वरून पाहणाऱ्याला फॅन स्वच्छ दिसतो, फिरताना दिसतो, आणि तो समाधानाने झाकण लावून टाकतो. फॅन काढल्याखेरीज हा थर दिसतच नाही. बरे, यंत्रावरच्या प्रेमापोटी आपण त्यावर भरतकामाचे आच्छादनही घालतो! बंद यंत्रावर ते शोभते. चालत्या यंत्रावर ते उन्हाळ्यातले स्वेटर होय. कॅबिनेट ठेवण्यासाठी टेबलाला जो बंद खण केलेला असतो, त्याचीही तीच गोष्ट: मागून निघालेली गरम हवा खणातच फिरून पुढून पुन्हा आत शिरते. खणाची मागची फळी कापून टाकणे हा सुतारकामाचा उपाय आम्ही कित्येकांना सुचवला आहे, आणि तो कोणत्याही नव्या फॅनपेक्षा गुणकारी ठरतो.

साफसफाईच्या वेळी यंत्राची वायर भिंतीतून काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. मऊ ब्रश आणि हाताचा किंवा विजेचा ब्लोअर पुरे. वारा मारताना फॅनचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडल्यास ते भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. ओल्या फडक्याला येथे काम नाही. विजेच्या पुरवठ्याचा जो चौकोनी डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो मात्र घरी उघडू नये. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत जीवघेणी वीज काही काळ उरते. फॅन उलट बसवलेला आहे की काय, हेही पाहावे. पुढून थंड हवा आत आणि मागून, वरच्या अंगाने गरम हवा बाहेर, असा क्रम हवा. उदबत्ती मघाशी आरोपी होती, तिला आता साक्षीदार करावी: तिचा धूर कोठे ओढला जातो ते बघितले, की वाऱ्याची दिशा कळते.

पेस्टचे प्रकरण नाजूक आहे. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म खळगे राहतात आणि त्यांत हवा भरते. हवा ही उष्णतेची अत्यंत वाईट वाहक. तांबे तिच्या हजारो पटींनी सरस. पेस्टचे काम त्या खळग्यांतली हवा हाकलणे, एवढेच. ती काही लोणी नव्हे, की जाड लावले म्हणजे चांगले! मधोमध वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. ठोकळ्याच्या दाबाने तो पसरतो. काही वर्षांनी ही पेस्ट वाळून खडूसारखी होते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच नवी लावावी. ठोकळा काढण्यापूर्वी यंत्र पाच मिनिटे चालवून, मग बंद करून, वायर काढून तो किंचित पिळत उचलावा. थंड यंत्रातला ठोकळा सरळ वर ओढला, तर काही जातींचे प्रोसेसर, विशेषतः खालच्या बाजूला टाचण्यांसारखे पाय असलेले, ठोकळ्याला चिकटून उपटले जातात आणि पाय वाकतात. दुसरे असे, की पुष्कळ हीटसिंक चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसवलेले असतात. त्यांतली एखादी खुंटी सुटली, की ठोकळा एका बाजूने तरंगतो. नव्या पेस्टचा खर्च करण्याआधी चारही खुंट्या दाबून पाहाव्यात. कधीकधी ‘टक’ असा आवाज होतो आणि दुखणे तेथेच संपते.

लॅपटॉपची रचना वेगळी. त्यात तांब्याची चपटी नळी असते. तिच्यात थोडा द्रव असतो, तो चिपजवळ वाफ होतो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा पाणी होऊन परततो. यंत्र गादीवर ठेवले की खालची हवेची भोके बुजतात, मग ती नळी तरी काय करणार? लाकडी पाटावर ठेवावे. विंडोजच्या वीजबचतीच्या मांडणीत प्रोसेसरची कमाल मर्यादा शंभराऐवजी ९९ टक्के ठेवली, तर त्याची जादा धाव बहुधा थांबते. उष्णता दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने थोड्या वेगाच्या मोबदल्यात ताप पुष्कळ उतरतो. तापलेला लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवणारे महाभागही आहेत. बाहेर काढताच आपल्या दमट हवेतले पाणी त्याच्या आत ठिबकणार, हे त्यांच्या लक्षात येत नाही. खोलीतला पाण्याचा कूलरही नागपूरकडे उपयोगी, आपल्याकडे नव्हे. दमट हवेत पाण्याची वाफ फारशी होत नाही, ओल तेवढी वाढते.

पाण्याने थंड करणे मात्र निराळी गोष्ट. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात नळ्यांतून द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेऊन उष्णता उचलली जाते. घरच्या हौशी यंत्रांतही लहान पंपाची अशी सोय आता मिळते. तीत प्रोसेसर नव्वदीला आणि बाहेरचे रेडिएटर थंडगार, असे आढळले तर पंप बंद पडला असे समजावे.

आणि तापमान साठ-सत्तर असतानाच यंत्र बंद पडत असेल, तर वर सांगितलेले काहीच लागू नाही. तेव्हा एसएमपीएस दुसरा लावून पाहावा, मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगले आहेत काय ते बघावे, आणि घरातला विजेचा दाब संध्याकाळी उतरतो का याची चौकशी करावी. दुरुस्तीनंतर आठवडाभर दुपारी तीन वाजता खोलीचे आणि प्रोसेसरचे असे दोन आकडे कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदावर लिहून चिकटवावेत. पुढल्या उन्हाळ्यात त्या दोहोंमधले अंतर वाढलेले दिसले, की ब्रश हाती घ्यावा.