दगडखाणीआधी पाण्याची नोंद

दिल्लीतील हिंदूराव रुग्णालयाच्या परिसरात चौदाव्या शतकातील तुघलककालीन बारव आहे. कागलकर घाटगे घराण्यातील हिंदूराव, म्हणजे बायजाबाई शिंदे यांचे बंधू, यांच्या नावाने ओळखला जाणारा हा भाग अरवली रांगेच्या उत्तर टोकावरील टेकडीवर आहे. येथील क्वार्टझाइट खडक कठीण असून त्यात पाणी साठते ते मुख्यतः भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात. असा खडक काढून नेला की पाणी साठण्याची जागाही त्याच्याबरोबर जाते.

याच रांगेत दक्षिणेला, फरिदाबादजवळील बडखल तलाव कोरडा पडला. परिसरातील खाणकाम हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. ६ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली सीमेपासून पाच किलोमीटरपर्यंतच्या हरियाणातील डोंगरभागात खाणकाम आणि भूजल उपसा हे दोन्ही थांबविण्याचा आदेश दिला. मात्र तोवर डोंगर पोखरला गेला होता.

महाराष्ट्रातील बेसॉल्टमध्येही भूजल प्रामुख्याने भेगा व झिजलेल्या थरांतच असते. खाणीचा तळ शेजारच्या विहिरींच्या पाणीपातळीखाली गेला, तर पाणी खाणीकडे झिरपते. ते उपसले की विहिरी खालावतात. पूर्वीची नोंद नसल्यास हे नुकसान सिद्ध करणे शेतकऱ्याला कठीण जाते. २०१२ च्या दीपककुमार प्रकरणातील निकालानंतर पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरली. त्या प्रक्रियेत गावाची नोंद उपयोगी पडते. त्यासाठी विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील कामे वेळीच करावीत :

१. खाण सुरू होण्यापूर्वी परिसरातील विहिरींची पातळी मे व नोव्हेंबरमध्ये मोजून तारखेसह नोंदवावी.
२. झरे, ओढे व पाझर तलाव गावनकाशावर दाखवावेत.
३. खाणीची अंतिम खोली किती आणि उपसलेले पाणी कोठे सोडणार, हे लेखी विचारावे.
४. गाळ ओढ्यात जाऊ नये यासाठी निवळण खड्ड्याची मागणी करावी.
५. खाण बंद झाल्यानंतरच्या खड्ड्याचे नियोजन आधीच ठरवून घ्यावे.

शेवटचा मुद्दा कीटकशास्त्रज्ञ या नात्याने विशेष महत्त्वाचा वाटतो. सोडून दिलेल्या खाणीतील साचलेले पाणी हिवताप पसरविणाऱ्या अ‍ॅनोफिलीस डासांचे उत्पत्तिस्थान ठरते. तेथे गप्पी मासे सोडणे हा उपाय आहेच. परंतु उतार, काठ व पाण्याचा वापर यांचे नियोजन आरंभीच झाल्यास तोच खड्डा संरक्षित सिंचनाच्या उपयोगी पडू शकतो. म्हणून पहिला सुरुंग उडण्यापूर्वीच गावाची पाणीनोंद तयार असावी.